कुत्र्याचे वय आणि सातचा पाढा

संध्याकाळी सोलापूरच्या होम मैदानावर कुत्री फिरवायला आलेल्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो, ‘याचं वय काय?’ ‘चार वर्षं,’ असे उत्तर येताच कुणीतरी हिशेब मांडतो: सात चोक अठ्ठावीस, म्हणजे ऐन तरुण! माणूस सत्तर वर्षे जगतो, कुत्रा दहा, एवढ्यावरच बहुधा हा पाढा बेतलेला असावा.

पण तो पहिल्याच वर्षी फसतो. वर्षाच्या कुत्रीला पिल्ले होऊ शकतात. माणसाचे सात वर्षांचे मूल तेव्हा दुसरीत असते. कुत्र्याचे दुधाचे दात पडून कायमचे दात यायला सात महिनेही पुरतात. थोडक्यात, कुत्रा आधी भराभर मोठा होतो आणि मग त्याच्या वाढत्या वयाचा वेग मंदावतो.

२०२० साली कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील विद्यापीठात ट्रे आयडेकर आणि सहकाऱ्यांनी १०४ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. वय वाढते तशा डीएनएवरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा बदलत जातात. माणसातल्या अशाच बदलांशी त्या जुळवल्या, तेव्हा एक वर्षाचा कुत्रा सुमारे ३१ वर्षांच्या माणसाजवळ आला. दोन वर्षांचा ४२, चार वर्षांचा ५३, सात वर्षांचा ६२ आणि बारा वर्षांचा ७१. मैदानावरचा तो ‘तरुण’ पन्नाशी ओलांडलेला निघाला!

अर्थात हे आकडेही तंतोतंत घेऊ नयेत. चपला कुरतडणाऱ्या वर्षाच्या कुत्र्याला कुणी एकतीस वर्षांचा प्रौढ म्हणणार नाही. शिवाय अभ्यास एकाच जातीचा. हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो, कुत्र्यांत मात्र उलटे: ग्रेट डेन आठ-दहा वर्षांत थकतो, तर छोटा पॉमेरेनियन चौदा वर्षेही काढतो. आपला कारवान किंवा गल्लीतला गावठी कुत्रा लॅब्रॅडॉरच्या कोष्टकात नेमका बसेलच असे नाही.

तरी एक गोष्ट पक्की. मध्यम किंवा मोठ्या चणीचा कुत्रा सात-आठ वर्षांचा झाला, की तो म्हातारपणाकडे झुकलेला असतो. एकाएकी जास्त पाणी पिणे, वारंवार लघवी, उठताना कण्हणे, तोंडाला घाण वास यांवर ‘वय झालं आता’ म्हणून गप्प बसू नये. त्यामागे मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, सांधेदुखी, दातांचा आजार असू शकतो. या वयात दर सहा महिन्यांनी पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर म्हाताऱ्या कुत्र्याला दुपारी गच्चीवर बांधून ठेवणे जिवावर बेतते, कारण धाप टाकूनच त्याला अंग थंड ठेवावे लागते.

वयाबाबतचा आणखी एक गैरसमज मात्र माणसाचा बळी घेतो. ‘एवढंसं पिल्लू चावलं, त्याला काय होतंय?’ पिलांना रेबीजची लस साधारणपणे तीन महिन्यांची झाल्यावर देतात, आणि त्याआधीही त्यांना रेबीज होऊ शकतो. रस्त्यावरचे पिल्लू चावले किंवा ओरखडले, तर चुना, हळद, तिखट काही लावू नका. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. लस तेथे मोफत मिळते, आणि डॉक्टरांनी दिलेल्या प्रत्येक तारखेला जाऊन ती घ्यावी लागते.