३.३ व्होल्टांची शांतता

वीतभर आकाराचा हौशी ड्रोन हवेत एका जागी उभा राहतो, तेव्हा त्याच्या आत विजेची दोन टोकं एकत्र नांदत असतात. एका टोकाला चार मोटारी. पूर्ण जोर लावला की त्या मिळून शंभर अँपिअरच्याही वर करंट ओढतात. दुसऱ्या टोकाला चार मिलिमीटरचा जायरो, ज्याला सुमारे चार मिलिअँपिअर पुरतात. पंचवीस हजार पटींचा हा फरक, आणि दोघांचं पोट एकाच बॅटरीवर! मोटारींचा गदारोळ जायरोपर्यंत पोहोचू न देणं हे रेग्युलेटरचं काम. ते नीट झालं नाही तर काय बिघडतं, हे समजायला आधी जायरो काय ऐकत असतो ते पाहायला हवं.

जायरोच्या आत सिलिकॉनचे सूक्ष्म तुकडे असतात आणि ते सेकंदाला हजारो वेळा मागेपुढे हलत राहतात. ड्रोनमध्ये वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या एमपीयू-६००० मध्ये हा वेग सेकंदाला सुमारे ३० हजार आहे. ड्रोन वळला की हा हलता तुकडा किंचित आडवा सरकतो. ज्या बलामुळे तो सरकतो, त्याचं गणित गास्पार कोरिओलिसनं १८३५ साली मांडलं होतं. पण किंचित म्हणजे किती? अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीच्या इंजिनियरांनी २००३ मध्ये आपल्या जायरोचा आकडा जाहीर केला: १६ फेम्टोमीटर इतकं सरासरी सरकणंही ओळखता येतं. हायड्रोजनचा अणू याच्या हजारो पट मोठा असतो. म्हणजे हे सरकणं अणूच्या नव्हे, जड अणूच्या गाभ्याच्या मापाचं झालं. आणि हे एका चिपमध्ये!

निसर्गाला ही युक्ती कोट्यवधी वर्षांपासून ठाऊक आहे. घरमाशीच्या मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक दांड्या असतात, टोकाला गाठ असलेल्या. उडताना त्या पंखांच्याच तालात थरथरतात आणि माशी वळली की त्यांच्या बुडाशी ताण जाणवतो. त्या काढल्या तर माशीला हवेत राहता येत नाही, हे विल्यम डेरहॅमनं १७१४ मध्येच नोंदवलं होतं.

आता विचार करा. इतकं बारीक ऐकणाऱ्या चिपच्या ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यात मोटारींचा खडखडाट मिसळला तर? व्होल्टेजची लहर कोणती आणि खरी हालचाल कोणती, हे ड्रोनचा तोल सांभाळणाऱ्या फ्लाइट कंट्रोलरला वेगळं करता येत नाही. तो नसलेली थरथर सुधारायला जातो, सेकंदाला हजारो वेळा. मोटारी उगाच झटके देतात आणि दोन मिनिटांत हात लावू नये इतक्या तापतात. म्हणून मी म्हणेन की रेग्युलेटर कुठला आणि सेन्सर कुठला, हे दोन प्रश्न वेगवेगळे नाहीतच.

पूर्ण भरलेल्या चार सेलच्या लायपो बॅटरीचं व्होल्टेज १६.८. त्यातून इलेक्ट्रॉनिक्सला लागणारे ५ व्होल्ट काढायचा सोपा मार्ग म्हणजे लिनियर रेग्युलेटर, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज सरळ उष्णतेत घालवायचं. एक अँपिअर हवा असेल तर ५ वॅट कामाला येतात आणि ११.८ वॅट नुसते तापवण्यात जातात. नखाएवढ्या चिपला हे सोसणार नाही.

मग दुसरी वाट: बक कन्व्हर्टर. तो बॅटरीची वाट सेकंदाला लाखो वेळा उघडतो आणि मिटतो. विहिरीवरची मोट आठवा. पाणी वर येतं ते थांबून थांबून, एकेक मोट भरून, पण थारोळ्यात पडून पुढे पाटानं जातं तेव्हा त्याची धार अखंड असते. बकमधलं कॉइल आणि कॅपॅसिटर म्हणजे हे थारोळं. वाट उघडी असताना कॉइल चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठवतं, मिटली की तीच पुढे सोडतं. वाया जाणारी ऊर्जा फार थोडी. उरते ती एक बारीक लहर, आणि ती पुसायला जायरोच्या आधी ३.३ व्होल्टचा एक छोटा लिनियर रेग्युलेटर बसवतात. इथे फरक फक्त १.७ व्होल्टचा, त्यामुळे उष्णतेची चिंता नाही. आधी काटकसर करणारा, मग शांतता देणारा. ही जोडी मला फार सुंदर वाटते.

तरीही हे रेग्युलेटर मरतात, आणि पुष्कळदा उडताना नव्हे, तर बॅटरी जोडण्याच्या क्षणी. का बरं? बॅटरीच्या तारेला स्वतःचं थोडं इंडक्टन्स असतं. तिच्यातून वाहू लागलेला करंट एकदम थांबत नाही. समोर रिकामा सिरॅमिक कॅपॅसिटर असेल तर तो १६.८ पर्यंत भरला तरी करंट येतच राहतो आणि व्होल्टेज थेट दुपटीच्या जवळ, म्हणजे ३३ पर्यंत उसळतं. एमपी१५८४ सारख्या लोकप्रिय बक चिपची मर्यादा आहे २८ व्होल्ट. मीटरवर ही उसळी कधीच दिसत नाही, कारण ती काही मायक्रोसेकंदांत संपते. चिपही तेवढ्यात संपते.

यावरचा उपाय ऐकून चकित व्हाल. बॅटरीच्या पॅडवर एक मोठा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सोल्डर करायचा: चार सेलला ३५ व्होल्टचा, ४७० ते १००० मायक्रोफॅरड, पाय शक्य तितके आखूड ठेवून. सिरॅमिकच्या तुलनेत याचा अंतर्गत रोध जास्त, एरवी हा दोषच. पण इथे तोच रोध उसळी शोषून घेतो! उडतानाही तो कामी येतो. थ्रॉटल एकदम सोडला की मोटारी चालवणारे ईएससी त्यांना ब्रेक लावतात, फिरत्या मोटारी क्षणभर जनरेटर होतात आणि वीज उलटी बॅटरीकडे ढकलतात. तीही उसळी हाच झेलतो.

आणि फ्लाइट कंट्रोलरचा बोर्ड मेलाच असेल तर? आधी पंखे काढा, मग बॅटरी. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून ५ व्होल्टचा पॅड आणि ग्राउंड तपासा, नंतर ३.३ चा. एकदा टीप वाजून थांबलं तर घाबरू नका, कॅपॅसिटर भरले एवढंच. आवाज थांबेचना, तर शॉर्ट. मग रिसीव्हर, जीपीएस, कॅमेरा, व्हिडिओ ट्रान्समीटर एकेक सोडवून पुन्हा मोजा. गुन्हेगार अनेकदा बोर्डावर नसतोच, त्याला जोडलेला असतो.

पुढची खूण यूएसबी देते. बहुतेक बोर्डांवर यूएसबीचे ५ व्होल्ट बकला वळसा घालून येतात. त्यामुळे यूएसबीवर जिवंत आणि बॅटरीवर मेलेला असेल, तर संशय बकवर. दोन्हीकडे मेलेला, तर ३.३ चा रेग्युलेटर किंवा त्यापुढचं काही. यूएसबी लावताच प्रोसेसर चटका देत असेल, तर सगळ्यात वाईट शक्यता धरा: बकमधला वरचा स्विच शॉर्ट होऊन बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज ५ च्या लाइनवर आलं होतं. अशा बोर्डाला बाहेरून नवा ५ व्होल्टचा पुरवठा जोडून वाचवता येत नाही. बक नुसता बंद पडला असेल तर मात्र येतं, बिघडलेली चिप आधी काढून टाकली की.

शॉर्ट नेमका कुठे, हे शोधायला करंटवर मर्यादा असलेला पुरवठा लावून बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरतात. जी जागा आधी सुकते, तिथे उष्णता. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा बॅटरी जोडताना गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब सिरीजमध्ये ठेवावा, चार सेलला असे दोन. थंड टंगस्टनचा रोध अगदी कमी, तापलेल्याचा कितीतरी पट जास्त. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकून विझतो. शॉर्ट असेल तर पेटून राहतो आणि बोर्ड वाचतो. एडिसनच्या काळातला दिवा २१व्या शतकातल्या प्रोसेसरचा पहारेकरी होतो!

आता सेन्सर. भारतात फेब्रुवारी २०२२ पासून काही अपवाद सोडता तयार ड्रोन आणि जुळणीचे संच आयात करता येत नाहीत, सुटे भाग येतात. म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एका फ्रेमवर बसवणं आणि त्यांचा मेळ जमवणं हौशी माणसाकडेच येतं. जायरो निवडताना फक्त आकड्यांची तुलना करू नका. आयसीएम-४२६८८-पी कागदावर एमपीयू-६००० पेक्षा शांत आहे, पण स्वच्छ वीज मिळाली तरच. जुना एमपीयू-६००० गोंगाट सोसण्यासाठी नावाजला होता. त्यामुळे बोर्ड घेताना चिपच्या नावाआधी जायरोला स्वतंत्र रेग्युलेटर आहे का, ते बघा.

उंचीसाठी बॅरोमीटर. एक मीटर वर गेलं की हवेचा दाब सुमारे १२ पास्कलनं घटतो, म्हणजे एकूण दाबाचा साडेआठ हजारावा भाग. डीपीएस३१० सारखी चिप हा फरक आरामात पकडते. पण ती इतकी हळवी आहे की पंख्यांच्या झोतानंही तिला उंची बदलल्यासारखं वाटतं, आणि काही बॅरोमीटर तर ऊन पडलं तरी फसतात, कारण उघड्या सिलिकॉनवर प्रकाशानं करंट तयार होतो. उपाय म्हणजे काळ्या स्पंजचा तुकडा.

जमिनीलगत व्हीएल५३एल१एक्स हा अंतर मोजणारा सेन्सर बरा. तो लेझरचा स्पंद सोडतो आणि परत येणारे प्रकाशकण टिपून वेळ मोजतो. एक मीटरची जा-ये ६.७ नॅनोसेकंदांत होते. अंधारात चार मीटरपर्यंत चालतो, भर उन्हात त्याची नजर आखडते. सोबत खाली बघणारा ऑप्टिकल फ्लो सेन्सर लावला तर घरातही ड्रोन जागेवर थांबतो, फक्त जमिनीवर काही नक्षी हवी. चकचकीत पांढऱ्या फरशीवर त्याला धरायला काहीच सापडत नाही.

जीपीएस घेतलं तर सहसा कंपासही लागतो, आणि पुन्हा विजेचाच प्रश्न येतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास. ३० अँपिअर वाहणाऱ्या एका तारेपासून पाच सेंटीमीटरवर तारेचं स्वतःचं क्षेत्र भरतं १२० मायक्रोटेस्ला. पृथ्वीच्या तिप्पट! कंपासला उत्तर दिशा सापडेनाशी होते आणि ड्रोन जागेवर थांबण्याऐवजी वाढत्या वर्तुळात फिरू लागतो. म्हणून जीपीएस-कंपास दांडीवर उंच बसवतात, आणि बॅटरीच्या लाल-काळ्या तारांना पीळ देतात. जाणारा आणि येणारा करंट शेजारी आला की दोघांची क्षेत्रं बहुतांशी एकमेकांना खोडतात, एक पैसाही न खर्चता. तपासायचं असेल तर पंखे काढून ड्रोन घट्ट बांधा, थ्रॉटल हळूहळू वाढवा आणि स्क्रीनवरची दिशा बघा. पंख्यांशिवाय मोटारी उडतानापेक्षा कमी करंट ओढतात, आणि तरीही आकडा सरकत असेल, तर दांडी आणखी उंच हवी.