वेगळा ठेवलेला पेला

आमच्या महाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक तरुण मध्यंतरी घरी आला. त्याच्या वडिलांना लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग झालेला. म्हणाला, "चाचा, हा विषाणूमुळे होतो म्हणे. बाबांचा पेला वेगळा ठेवलाय. बरोबर ना?"

१९६४ साली एपस्टाईन, अचाँग आणि बार या संशोधकांना आफ्रिकी मुलांच्या गाठींतील पेशींत एक विषाणू दिसला. तोच एपस्टाईन-बार विषाणू. तो लाळेतून पसरतो आणि जगातल्या दहापैकी नऊ प्रौढांच्या शरीरात मुक्कामाला असतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही.

मग बिघडते कुठे? आपल्या रक्तातल्या 'बी' पेशी रोगजंतूंशी लढतात. शत्रू आला की त्यांना 'वाढा' असा हुकूम मिळतो. काम संपले की हुकूम थांबतो. विषाणूच्या एका जनुकापासून 'एलएमपी-१' नावाचे प्रथिन बनते. ते शत्रू नसतानाही हाच हुकूम देत राहते. कारखान्याचा भोंगा अडकून अखंड वाजत राहावा, तसे. हॉजकिन लिम्फोमाच्या अनेक रुग्णांच्या पेशींत हे प्रथिन सापडते.

पण एवढ्यानेच कर्करोग होत नाही. पेशीच्या स्वतःच्या जनुकांतही बिघाड व्हावा लागतो, प्रतिकारशक्तीचा पहारा ढिला पडावा लागतो. शिवाय कित्येक लिम्फोमांत हा विषाणू नसतोच.

गंमत म्हणजे, विषाणूची ही जनुके पोचवण्याची हातोटी आता माणसाने औषधासाठी वापरली आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या 'अ‍ॅक्ट्रेक' संस्थेत जून २०२१ मध्ये देशातली पहिली 'कार-टी' उपचारपद्धती वापरली गेली. रुग्णाच्याच 'टी' पेशी काढून, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांत नवे जनुक घालतात. मग त्या कर्करोगी 'बी' पेशी ओळखून मारतात. इतर उपचार थकलेल्या काही लिम्फोमांसाठी या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली.

त्या तरुणाला मी म्हटले, "बाळा, विषाणू पसरतो, कर्करोग पसरत नाही. आणि तो विषाणू बहुधा तुझ्यामाझ्यातही आहे. उपचार चालू असताना स्वच्छता जरूर पाळ, पण ती बाबांना जपण्यासाठी. त्यांच्यापासून दूर राहण्यासाठी नव्हे."

पाण्यावरून माणूस वेगळा काढू नये, हे महाडच्या चवदार तळ्याने १९२७ सालीच सांगितले आहे. आपल्या घरातला पेला त्याला अपवाद कसा असेल?