ख्रिस्ती उपासनाकला

चित्र, शिल्प, वास्तू, काव्य, संगीत यांची निर्मिती हीच परमेश्वराची उपासना होय, या श्रद्धेने ख्रिस्ती परंपरेत घडविण्यात आलेली कला. उपासनेसाठी वापरली जाणारी कला आणि उपासना म्हणून निर्माण केली जाणारी कला यांत भेद आहे. पहिलीत कलाकृती हे भक्ताचे साधन असते. दुसरीत ती घडविण्याची क्रियाच अर्पण मानली जाते. प्रत्यक्षात या दोन्ही बाजू बहुधा एकत्र आढळतात.

या कल्पनेला बायबलचा आधार आहे. ‘निर्गम’ या ग्रंथात निवासमंडपाचे काम करणाऱ्या बसालेल या कारागिराला सोने, रुपे, रत्ने व लाकूड यांवरील कारागिरीसाठी देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केल्याचे वर्णन येते. त्याच ग्रंथातील दहा आज्ञांत मात्र पूजेसाठी कोरीव मूर्ती करण्यास मनाई आहे. या दोन वचनांमधील ताण ख्रिस्ती कलेच्या इतिहासात पुनःपुन्हा प्रकट झाला. बायझंटिन साम्राज्यात आठव्या शतकात प्रतिमाभंजनाची चळवळ झाली. नायसीया येथे ७८७ मध्ये भरलेल्या धर्मपरिषदेने प्रतिमेला द्यावयाचा आदर आणि केवळ देवालाच करावयाची आराधना यांत भेद करून प्रतिमांना मान्यता दिली. ऑर्थोडॉक्स परंपरेत चित्रकाराने प्रार्थना व उपवास करून पवित्र प्रतिमा रंगवावी, असा प्रघात पडला. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर कॅल्व्हिनच्या अनुयायांनी चर्चमधील चित्रे हटविली. ल्यूथरच्या अनुयायांत समूहगायनास महत्त्व आले. जर्मन संगीतरचनाकार बाख आपल्या अनेक रचनांच्या अखेरीस ‘केवळ ईश्वराच्या गौरवार्थ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे लिहीत असे.

मराठी प्रदेशात हा प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहिला. येथे उपासनेत कला असावी की नसावी, यापेक्षा ती कोणत्या घाटाची असावी, हे महत्त्वाचे ठरले. नवा धर्म स्वीकारणाऱ्याने आपल्या भाषेची कलारूपेही सोडावयाची काय, असा तो प्रश्न होता. इंग्रज जेझुइट धर्मगुरू टॉमस स्टीफन्स याने गोव्यात क्रिस्तपुराण (१६१६) हा सु. अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचून त्याचे एक उत्तर दिले. ओवी व पुराण हे येथील श्रोत्यांच्या परिचयाचे प्रकार त्याने बायबलच्या कथेसाठी योजिले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले, तरी ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती टिकून राहिल्या.

नागपुरात या प्रश्नाची दोन उत्तरे पाहावयास मिळतात. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले. सदर भागातील ऑल सेंट्स कॅथीड्रल १८५१ मध्ये बांधण्यात आले व १८७९ मध्ये इंग्रज वास्तुविशारद बोडली याच्या आराखड्यानुसार त्याचा विस्तार झाला. या वास्तूत इंग्लंडमधील गॉथिक परंपराच अवतरली. दुसरे उत्तर नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) या कवीच्या चरित्रात आढळते. टिळक नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथसंपादनाचे काम करीत होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने जात असता एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या धर्मांतरामुळे पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांची काही वर्षे ताटातूट झाली.

टिळकांपूर्वी मराठी चर्चमध्ये बहुतांशी इंग्रजी गीतांची भाषांतरे पाश्चात्त्य चालींवर गाइली जात. इंग्रजी पद्याची लय आघातांवर चालते, तर मराठी पद्याची अक्षरसंख्या, मात्रा व ऱ्हस्वदीर्घ यांवर. त्यामुळे अशा चालींत मराठी शब्दांची ओढाताण होई. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी अहमदनगर येथे ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात केलेली होती. टिळकांनी अभंग, पदे व कीर्तने रचून देशी वळण उपासनेत रुजविले. तुकारामाच्या वाणीनेच आपणास ख्रिस्ताकडे नेणारा पूल बांधला, अशी त्यांची धारणा होती. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात त्यांची अडीचशेहून अधिक पदे आहेत. त्यांच्या ख्रिस्तायन या अपूर्ण महाकाव्याचे सुरुवातीचे सु. दहा अध्याय त्यांनी लिहिले. त्यापुढील बहुतेक रचना लक्ष्मीबाईंनी केली. ज्या श्रद्धेने या दांपत्याची एकेकाळी ताटातूट झाली, तीच पुढे त्यांच्या समाईक काव्यनिर्मितीचे कारण ठरली.

चित्रकलेत हेच कार्य आंजेलो द फोन्सेका (१९०२–६७) यांनी केले. गोव्यात जन्मलेल्या फोन्सेका यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये व नंतर शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली शिक्षण घेतले. साडी नेसलेली मरिया व भारतीय परिसरातील ख्रिस्तकथा त्यांनी रंगविल्या. युरोपीय प्रतिमांनाच पवित्र मानणाऱ्या गोव्यातील अनेकांना ही चित्रे रुचली नाहीत. फोन्सेका यांनी पुणे येथील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून आपले काम चालू ठेवले. त्यांची अनेक चित्रे पर्वरी (गोवा) येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेत जतन केलेली आहेत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या १९६३ मधील दस्तऐवजात चर्चने कोणतीही एक कलाशैली खास आपली म्हणून स्वीकारलेली नाही, असे नमूद केले व विविध देशांच्या संगीतपरंपरांना उपासनेत योग्य स्थान देण्याचा आदेश दिला. रोमन कॅथलिक चर्चने अधिकृतपणे मांडलेली ही भूमिका स्टीफन्स व फोन्सेका यांच्या कृतींत आधीच प्रकट झालेली होती; प्रॉटेस्टंट मंडळ्यांत टिळकांनी तीच आचरणात आणली होती. टिळकांची पदे मराठी चर्चमधील रविवारच्या उपासनेत आजही गाइली जातात.