साहस-भांडवल आणि काळाचें गणित

नवा उद्योग काढणारा मनुष्य प्रथम बँकेकडे वळतो. परंतु बँक तारण मागते, आणि ठरल्या तारखेस हप्ता मागते. ज्याच्यापाशीं तारण म्हणून केवळ एक शास्त्रीय कल्पना आहे, त्यानें कोणाचें दार ठोठावावें?

या प्रश्नाचें एक उत्तर म्हणजे साहस-भांडवल. तें पुरविणारा सावकार नव्हे, भागीदार असतो. बहुतेक उद्योग बुडतील हें गृहीत धरून, तरलेल्या एक-दोहोंच्या नफ्यांतून तो सर्वांची तूट भरून काढतो. अमेरिकेंत १९५७ सालीं जॉर्ज दोरिओ यांच्या संस्थेनें डिजिटल इक्विपमेंट या नवजात कंपनींत ७०,००० डॉलर घातले. दहा-बारा वर्षांत त्यांचें मोल कोट्यवधि डॉलर झालें.

मात्र या भागीदाराची थैलीहि दुसऱ्यांच्या पैशानें भरलेली असते, आणि ती सामान्यतः दहा वर्षांच्या आंत परत करावी लागते. अडचण येथेंच आहे. दुकानदारीच्या धंद्यांत प्रश्न एवढाच कीं, माल खपेल काय? अग्निबाण, विमान वा औषध घडविणाऱ्यापुढें त्याआधीं दुसरा प्रश्न उभा राहतो : वस्तु मुळांत चालेल काय?

आपल्याच देशांतील उदाहरणें पाहा. मद्रासच्या आय.आय.टी.च्या आश्रयानें वाढलेल्या अग्निकुल कंपनीची स्थापना २०१७ सालची. तिच्या अग्निबाणानें पहिली चांचणी-झेप श्रीहरिकोट्याहून घेतली ती ३० मे २०२४ रोजीं. मुंबईच्या आय.आय.टी.च्या विद्यार्थ्यांनीं २००७ सालीं काढलेली, मानवरहित विमानें बनविणारी आयडियाफोर्ज कंपनी शेअरबाजारांत आली २०२३ सालीं. म्हणजे सोळा वर्षें! आरंभींच पैसा घालणाऱ्या दहा वर्षांच्या निधीची मुदत या वाटेंत मध्येंच संपली असती.

हें अंतर भरून काढण्यासाठीं भारत सरकारनें २०२५ सालीं संशोधन, विकास व नवोपक्रम यांकरितां १ लाख कोटि रुपयांची योजना मंजूर केली. दीर्घ मुदतीचें, अल्प वा शून्य व्याजाचें कर्ज आणि भागभांडवल अशा रूपांनीं हा पैसा मध्यस्थ निधींच्या द्वारा उद्योगांपर्यंत जावयाचा आहे.

परंतु हा पैसा करदात्याचा आहे. कांहीं प्रयोग फसणारच. ते प्रामाणिकपणें फसले कीं हयगयीनें, हें निवडून सांगणारे जाणते परीक्षक हवेत. प्रत्येक अपयशाला अपहार समजलें, तर अधिकारी धोका पत्करणार नाहींत. आणि कोणालाच जाब विचारला नाहीं, तर तिजोरी रिकामी होईल. या दोहोंमधील मार्ग ज्या देशाला सांपडेल, त्याच्या तरुणांना आपली कल्पना घेऊन परदेश गांठावा लागणार नाहीं.