अक्षरांची टंचाई आणि शब्दांचा अर्थ

मराठी शाळांतील मुलांच्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजीचा श्रीगणेशा ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ अशा घोकंपट्टीने केला. या घोकंपट्टीची पुढे पुष्कळ थट्टा झाली. तथापि तिच्यात तीन पायऱ्या होत्या, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. प्रथम अक्षरे, मग त्यांचा मिळून होणारा शब्द आणि शेवटी त्याचा अर्थ. यांपैकी तिसरी पायरी गाळली तर काय उरते, या प्रश्नाचे उत्तर एका खेळाने दिले आहे. हाती आलेल्या सात अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधण्याचा तो खेळ म्हणजे स्क्रॅबल.

या खेळाचा जन्म आर्थिक आपत्तीतून झाला. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेतील बांधकामे थंडावली आणि न्यूयॉर्कमधील आल्फ्रेड बट्स हे वास्तुविशारद १९३१ साली बेकार झाले. दैव आणि कौशल्य या दोहोंना सारखाच वाव देणारा एखादा खेळ तयार करावा, असे त्यांनी मनात घेतले. त्यासाठी वृत्तपत्रांची पाने पुढ्यात घेऊन इंग्रजीचे कोणते अक्षर किती वेळा येते, याची मोजदाद त्यांनी चिकाटीने केली. अशी मोजदाद काही अगदीच नवी नव्हती. तारायंत्राच्या मोर्स लिपीत सर्वांत जास्त लागणाऱ्या ‘ई’ला केवळ एक बिंदू दिला गेला, तो याच हिशेबाने. एडगर अ‍ॅलन पो यांच्या १८४३ सालच्या ‘द गोल्ड बग’ या कथेतील गुप्तलेखही ‘ई’च्याच वारंवारतेवरून उलगडतो. बट्स यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी या मोजदादीवरून अक्षरांच्या किमती ठरविल्या.

त्यांच्या खेळाला प्रारंभी कोणी वाली मिळाला नाही. जेम्स ब्रूनो यांनी १९४८ साली तो हाती घेऊन त्याला ‘स्क्रॅबल’ हे नाव दिले. १९४९ मध्ये त्यांनी २,४०० संच तयार केले आणि ४५० डॉलरची खोट खाल्ली. पुढे मात्र मागणीचा असा काही लोंढा आला की, १९५४ या एका वर्षात सुमारे चाळीस लाख संच विकले गेले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या खेळाची पेटी एकदा तरी उघडून पाहावी. तीत १०० सोंगट्या असतात. ‘ई’ अक्षराच्या १२ सोंगट्या आणि प्रत्येकीला गुण अवघा १. ‘क्यू’ आणि ‘झेड’ यांची एकेकच सोंगटी आणि तिला गुण १०. दुर्मीळ ते महाग, विपुल ते स्वस्त, हा सरळ न्याय. एका ठिकाणी मात्र बट्स यांनी बाजाराचा नियम बाजूला ठेवून शिधावाटपाचा अवलंब केला. ‘एस’ हे अक्षर इंग्रजीत फार येते. परंतु नामाला ते जोडले की बहुधा अनेकवचन होते आणि खेळाडूला फुकटचे गुण मिळतात. म्हणून ‘एस’च्या चारच सोंगट्या ठेवण्यात आल्या.

याहून उद्बोधक आहेत त्या दोन कोऱ्या सोंगट्या. कोरी सोंगटी कोणत्याही अक्षराच्या जागी चालते, पण तिला गुण शून्य. तरीही कसलेला खेळाडू तिला सर्वांत अधिक जपतो. याउलट दहा गुणांची ‘क्यू’ हाती आली की त्याच्या कपाळावर आठी पडते; कारण ‘यू’ची साथ नसेल तर ती बहुधा नुसती पडून राहते. पाण्यावाचून माणूस जगत नाही तरी पाणी स्वस्त आणि हिऱ्यावाचून काही अडत नाही तरी हिरा महाग, हे कोडे अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ साली मांडले होते. उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतील हा भेद शिकविताना प्राध्यापकांना याहून सुटसुटीत उदाहरण क्वचितच मिळेल.

ठरवून दिलेल्या किमतींचे जे होते, तेही या खेळात पाहावयास मिळते. बट्स यांचा हिशेब वृत्तपत्रांतील इंग्रजीचा होता, तर खेळ चालतो तो मान्य शब्दांच्या यादीवर. ही यादी वाढत गेली. २००६ साली अमेरिकेत प्राणशक्ती या अर्थाचा मूळचा चिनी ‘ची’ हा शब्द ‘क्यू-आय’ अशा दोनच अक्षरांनी यादीत आला आणि पिझ्झाचे ‘झा’ हे लघुरूपही त्याच वर्षी मान्य झाले. दुर्मीळ अक्षरे खपविणे सोपे झाले, किमती मात्र जुन्याच राहिल्या. २०१३ साली एका अमेरिकी संशोधकाने हिशेब नव्याने मांडून ‘झेड’ला दहाऐवजी सहा आणि ‘एक्स’ला आठऐवजी पाच गुण पुरेत, असे सुचविले. ते कोणी स्वीकारले नाही. रूढ झालेली किंमत हलविणे किती कठीण असते, हे निराळे सांगावयास नको.

येथवर चर्चा झाली ती किमतीची. मराठीत ‘अर्थ’ म्हणजे जसा पैसा, तसाच शब्दाचा आशयही. या दुसऱ्या अर्थाचे स्क्रॅबलमध्ये काय होते? न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ साली बेल्जियममध्ये भरलेल्या स्पर्धेत फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेतेपद मिळविले. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. सुमारे नऊ आठवडे खपून त्यांनी फ्रेंच शब्दांची यादी तेवढी मुखोद्गत केली होती. २०२४ साली स्पेनमधील ग्रॅनडा येथे त्यांनी स्पॅनिशमध्येही हाच पराक्रम केला. स्मरणशक्तीचा हा चमत्कार निःसंशय थक्क करणारा आहे आणि त्यात गैर असे काहीच नाही. शब्द यादीत आहे की नाही, एवढेच तर हा खेळ विचारतो. परंतु शब्दाचा अर्थ न कळताही त्याची किंमत पुरेपूर वसूल करता येते, हे यातून सिद्ध झाले.

जे काम अर्थावाचून होऊ शकते, ते यंत्राकडे जाण्यास वेळ लागत नाही. सात निरनिराळी अक्षरे ५,०४० प्रकारे मांडता येतात. माणूस त्यांत गोंधळून जातो, यंत्र मात्र एक साधी युक्ती करते. प्रत्येक शब्दाची अक्षरे ते वर्णानुक्रमाने लावून ठेवते. मग चहा या अर्थाचा ‘टी’, खाणे या अर्थाचा ‘ईट’ आणि खाल्ले या अर्थाचा ‘एट’ हे तिन्ही शब्द ए-ई-टी या एकाच खणात जाऊन पडतात. हाती आलेली अक्षरे तशीच लावून तो खण उघडला की सारे शब्द क्षणार्धात पुढ्यात येतात. चहा पितात की खातात, याच्याशी यंत्राला कर्तव्य नसते.

हा सारा विचार महाराष्ट्राला परका नाही. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. या काळात मुलांनी किती स्पेलिंगे पाठ केली, याचीच मोजदाद अधिक झाली. कारण ती तपासणे सोपे असते. तयार उत्तरांच्या मार्गदर्शिका पाठ करून परीक्षेत उतरणारा विद्यार्थीही वेगळे काय करतो? यादी मुखोद्गत करून तो गुण मिळवितो आणि पुढे इंग्रजीत साधा अर्ज लिहावयाचा प्रसंग आला की अडखळतो. रिचर्ड्स यांना जगज्जेतेपद तरी मिळाले. या विद्यार्थ्याच्या पदरी तेही पडत नाही.

म्हणून अक्षरांचा खेळ वर्ज्य करावा, असे मुळीच नाही. पुठ्ठ्याचे तुकडे कापून तो कोणत्याही वर्गात फुकट खेळता येईल आणि मुले त्यात रमतीलही. फक्त एक नियम वाढवावा. जो मुलगा शब्द जुळवील, त्याने तो एखाद्या वाक्यात वापरून दाखवावा. गुण त्यानंतरच द्यावेत. ‘कॅट म्हणजे मांजर’ या जुन्या घोषातील शेवटचे दोन शब्द अक्षरे मोजून मिळत नाहीत, ते शिक्षकालाच द्यावे लागतात.