नाटक शिकायचं तर…

कुठे? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात १९८७ पासून नाटक, नृत्य आणि संगीत शिकवलं जातं. ‘महानिर्वाण’चे नाटककार सतीश आळेकर अनेक वर्षं या केंद्राचे प्रमुख होते. मुंबई विद्यापीठात आणि छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही नाट्यशिक्षणाची सोय आहे.

दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये सुरू झालं आणि १९७५ मध्ये स्वायत्त झालं. तिथे तीन वर्षांची पदविका मिळते. इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ या काळात संचालक होते. त्यांनी या प्रशिक्षणाला शिस्त लावली.

काय शिकतात? अभिनयाबरोबर दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, वेशभूषा आणि भरताच्या नाट्यशास्त्रापासून आजवरचा रंगभूमीचा इतिहास.

वाचेचा रियाज : ‘जग’ हा शब्द दोनदा मोठ्याने म्हणून पाहा. ‘हे जग’ म्हणताना जीभ टाळूला लागते, ‘तू जग’ म्हणताना दातांकडे सरकते. लिहायला अक्षर एकच, पण उच्चार चुकला की अर्थ निसटतो. म्हणूनच श्वास पोटातून घेणं, वाक्य कुठे तोडायचं ते ठरवणं आणि शेवटचा शब्द न गिळणं यांचा रोज सराव लागतो. न ओरडता शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज असाच घडतो.

पुढे काय? रंगमंच, मालिका आणि चित्रपट आहेतच. शिवाय आकाशवाणी, निवेदन, डबिंग आणि शाळेतलं नाट्यशिक्षण. नीट बोलणं आणि मन लावून ऐकणं मात्र जन्मभर उपयोगी पडतं.