पेनड्राइव्हमधला डीजे सेटअप : ऐकीव काय, खरं काय

माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. पुढे बाजारपेठेपर्यंत सामान जायचं ते हमालाच्या डोक्यावरून, घोड्यावरून, हातगाडीवरून किंवा अमन लॉजहून मिनी ट्रेनने. नेरळ, कर्जत, खोपोलीकडून वरच्या हॉटेलात संगीत किंवा थर्टी फर्स्टची सुपारी घेणाऱ्या डीजेला म्हणूनच एकेका नगाचा हिशेब करावा लागतो. टॉप, बेस आणि मिक्सर तिथेच मिळाले, तरी लॅपटॉप आणि कंट्रोलर आपलाच न्यावा लागतो. त्यातला लॅपटॉप ऐन कार्यक्रमाआधी बसला, तर खाली नेरळला जाऊन दुसरा आणण्याइतका वेळ नसतो.

यावर हल्ली सर्रास एक सल्ला दिला जातो : अख्खी सिस्टीम पेनड्राइव्हवर घेऊन जा, हॉटेलच्या कुठल्याही कॉम्प्युटरला लाव, वाजव. सल्ला चांगला आहे. फक्त त्याच्याभोवती ज्या समजुती चिकटल्यात, त्या एकदा झटकायला हव्यात.

पहिली समजूत, हा काहीतरी नवा जुगाड आहे. तसं नाही. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली ‘नॉपिक्स’ काढलं, तेव्हापासून इन्स्टॉल न करता थेट सीडीवरून चालणारं लिनक्स लोक वापरत आहेत. सीडीच्या जागी पेनड्राइव्ह आला, एवढंच. ‘मिक्स’ (इंग्रजीत शेवटी तीन एक्स) हे मोफत, मुक्त डीजे सॉफ्टवेअरही २००१ पासूनचं आहे. आपल्याकडे जे व्हर्च्युअल डीजे घरोघरी चालतं ते, तसंच सेराटो, रेकॉर्डबॉक्स आणि ट्रॅक्टर, यांपैकी एकाचीही लिनक्स आवृत्ती नाही. तेव्हा पेनड्राइव्हचा रस्ता धरायचा तर मिक्स शिकावं लागेल, हे आधीच पक्कं करावं. तिथे मन रमत नसेल तर पुढचा खटाटोप करू नये.

‘लिनक्सची आयएसओ फाइल कॉपी करून टाकली की पेनड्राइव्ह बूट होतो.’ होत नाही. फाइल नुसती ठेवायची नसते, ती रुफस किंवा एचरसारख्या साधनाने पेनड्राइव्हवर लिहावी लागते आणि लिहिताना त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. (व्हेंटॉय वापरलं तर एकदा पेनड्राइव्ह तयार केल्यावर आयएसओ नुसत्या कॉपी करून भागतं.)

‘पेनड्राइव्ह स्लो असतो, गाणं अडकणार.’ ही शंका घेणाऱ्याने आकडा बघितलेला नसतो. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीला सेकंदाला फक्त ४० किलोबाइट लागतात. अगदी रडतखडत चालणारा पेनड्राइव्हही याच्या कितीतरी पट वेगाने वाचतो. पेनड्राइव्ह गचके खातो तो लिहिताना, विशेषतः बारीकबारीक फाइली लिहिताना. सिस्टीम सुरू होताना आणि लायब्ररीत बदल साठवताना ते जाणवतं. त्यावर दोन उपाय आहेत. एक, पेनड्राइव्हऐवजी यूएसबी केसमधली छोटी एसएसडी घ्यायची. वजन काही ग्रॅमच वाढतं. दुसरा, बूट करताना ‘टूरॅम’ हा पर्याय द्यायचा, म्हणजे सिस्टीम आधी रॅममध्ये उतरते आणि तिथूनच चालते. समोरच्या मशीनला ८ जीबी रॅम असेल तर हे आरामात जमतं.

आवाज तडतडला तर दोष बहुतेक वेळा बफरचा असतो. मिक्सच्या साउंड सेटिंगमध्ये बफर किती मिलिसेकंदांचा हवा ते ठरवता येतं, आणि तो किती वेळा रिकामा पडला याचा आकडाही तिथेच दिसतो. ‘लॅग अजिबात नको’ म्हणून बरेच जण तो सहापर्यंत खाली आणतात आणि मग मशीनला शिव्या घालतात. ४४,१०० हर्ट्झला १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे साधारण २३ मिलिसेकंद. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे स्पीकरपासून आठ मीटरवर उभं राहिलं की एवढाच उशीर होतो. स्क्रॅच करणाऱ्याला तो खटकेल, हळदीला गाण्याला गाणं जोडणाऱ्याला नाही. अनोळखी मशीनवर मी तरी २३ वरच ठेवीन आणि वायफाय बंद करून टाकीन.

आता सर्वात महागात पडणारी समजूत : ‘आपण पेनड्राइव्हवरून चालवतोय, समोरच्याच्या लॅपटॉपला काही होत नाही.’ लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणारी सिस्टीम वापरली तर हे खरं आहे; आतल्या डिस्कवर ती आपणहून काही लिहीत नाही. पण काही जण लाइव्ह न वापरता पेनड्राइव्हवर उबंटू रीतसर इन्स्टॉल करतात. तेव्हा इन्स्टॉलर पुष्कळदा बूटलोडर आतल्या डिस्कच्या ईएफआय विभागात टाकतो. मग पेनड्राइव्ह काढला की मालकाला विंडोजऐवजी काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ एवढंच दिसतं. इन्स्टॉल करायचंच असेल तर आपल्या घरी, आतली डिस्क काढून किंवा बायोसमधून बंद करून करावं.

दुसरा सापळा बिटलॉकरचा. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांची डिस्क मालकाच्या नकळत कुलूपबंद असते. बूट होत नाही म्हणून आपण सिक्युअर बूट बंद केलं, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागून बसू शकतं. रिसेप्शनवरच्या पोराला ती ठाऊक असण्याची शक्यता शून्य. त्यामुळे सिक्युअर बूट चालू असतानाही उठणारं लिनक्सच घ्यावं. उबंटू, डेबियन, फेडोरा हे तिघंही त्यात बसतात.

मी डेबियनची लाइव्ह प्रत घेऊन पेनड्राइव्हचे तीन भाग करण्याच्या मताचा आहे. एकात सिस्टीम. दुसऱ्याला ‘पर्सिस्टन्स’ हे लेबल. आपल्या सेटिंग्ज आणि मिक्सची लायब्ररी तिथे साठते, नाहीतर प्रत्येक बूटला पाटी कोरी. तिसरा भाग गाण्यांचा, एक्सफॅटमध्ये, म्हणजे तो विंडोजवरही उघडेल. इथे एक खोच आहे. मिक्स प्रत्येक गाण्याचा पूर्ण पत्ता लिहून ठेवतं. आज तो भाग एका नावाने जोडला गेला आणि उद्या दुसऱ्या, तर सगळी लायब्ररी ‘फाइल सापडत नाही’ म्हणते. क्यू पॉइंट, बीटग्रिड सगळं जागेवर असतं, फक्त गाणं वाजत नाही. म्हणून त्या भागाला एक ठरलेलं लेबल द्यायचं आणि दर वेळी तो त्याच लेबलाने त्याच जागी जोडला जाईल अशी सोय आधीच करायची. गाण्यांचं विश्लेषणही घरीच उरकायचं. वर ऐन वेळी हजार गाण्यांचे बीट मोजायला लावले तर पंखा ढोलापेक्षा मोठा वाजतो. आणि शटडाउन न करता पेनड्राइव्ह उपटला, तर पर्सिस्टन्सचा भाग बिघडू शकतो.

‘पेनड्राइव्ह आहे, मग कंट्रोलर कशाला?’ कारण लॅपटॉपच्या साउंड कार्डातून एकच स्टिरिओ जोडी बाहेर पडते. पुढचं गाणं हेडफोनवर ऐकायला दुसरी जोडी लागते, आणि ती कंट्रोलरच्या आतल्या कार्डातून मिळते. बरेच कंट्रोलर लिनक्सवर ड्रायव्हर न टाकता चालतात, पण बटणांचं मॅपिंग मिक्समध्ये आहे का, ते घेण्याआधी बघावं. पडदेवाल्या महागड्या कंट्रोलरांचे पडदे कधीकधी काळेच राहतात.

‘कुठल्याही मशीनवर चालतं’ हेही अर्धंच खरं. पेनड्राइव्हवरून बूट करायची कळ मशीनगणिक वेगळी : डेल, लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९, एसरला एफ१२ पण तो आधी बायोसमध्ये चालू करावा लागतो. आणि बायोसला पासवर्ड असेल तर तिथेच गाडी थांबली. एम सिरीजचं मॅक समोर आलं तर हा पेनड्राइव्ह निरुपयोगी; चिपच वेगळी. सुपारी ठरवतानाच हॉटेलला मशीन कोणतं आहे ते विचारावं, आणि शक्य असेल तर एकदा वर जाऊन बूट करून बघावं.

राहिली ‘सॉफ्टवेअर फुकट, म्हणजे गाणीही मोकळी’ ही समजूत. दोन्हींचा काडीचा संबंध नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे, हॉटेलच्या तिकीटवाल्या न्यू इयर पार्टीला ती मिळत नाही. तिथे आयपीआरएस, पीपीएल या संगीत हक्कसंस्थांच्या परवान्यांचा विषय येतो, आणि तो कोणी काढायचा हे हॉटेलशी लेखी ठरवून घ्यावं. वेळेचंही तसंच. २००० च्या ध्वनी नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद; राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. आपली तारीख त्या दिवसांत आहे का, हे पैसे ठरवण्याआधी विचारलेलं बरं.